झाडं छाटणाऱ्या कामगाराने कोणत्या संस्थेचं सभासद व्हावं?

वळवाचा पाऊस जवळ आला की सातारा-सांगलीत धोकादायक फांद्या छाटणाऱ्यांचे फोन खणखणू लागतात. काम जिवावरचं, पण कौशल्याचा कागद बहुतेकांकडे नसतो. मग सभासद व्हायचं कुठे?

वृक्षनिगेतली जगभर ओळखली जाणारी संस्था म्हणजे 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर'. १९२४ साली अमेरिकेत तिची सुरुवात झाली. इथे एक गल्लत हमखास होते. वर्गणी भरली की मिळतं ते फक्त सभासदत्व. 'सर्टिफाइड आर्बोरिस्ट' हा दाखला वेगळा; त्यासाठी साधारण तीन वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण लागतं. परदेशात किंवा मोठ्या कंपन्यांकडे काम करायचं असेल, तर हा खर्च करावा. गावात नारळ उतरवणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

त्याला आधी हवा विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० आणि बँक खातं पुरे, कुठल्या संघटनेची पावती लागत नाही.

आणि हो, खिशात कुठलंही ओळखपत्र असलं, तरी शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार पालिकेची परवानगी लागतेच.