‘हॅपी’ या शब्दाची जन्मकुंडली

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकातच ‘हॅपी म्हणजे आनंदी’ असे जे पाठ करून घेतले जाते ते पुढे जन्मभर पुसले जात नाही, आणि त्यामुळे हा शब्द मूळचाच मनाच्या उल्हासाचा वाचक आहे, असा समज चांगल्या सुशिक्षितांतही दृढ झालेला आढळतो. वस्तुस्थिती अशी की, ‘हॅप’ म्हणजे दैवयोग. जुन्या नॉर्स भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला, आणि चौदाव्या शतकात त्यावरून ‘हॅपी’ हे विशेषण घडले तेव्हा, ज्याचे नशीब बलवत्तर तो ‘हॅपी’, मग त्याची मुद्रा प्रसन्न असो वा नसो, असाच त्याचा अर्थ होता. आनंदाचा अर्थ त्यावर मागाहून चढला. ‘हॅपन’ म्हणजे घडणे, ‘परहॅप्स’ म्हणजे कदाचित, ‘मिसहॅप’ म्हणजे दुर्घटना, ‘हॅपलेस’ म्हणजे दुर्दैवी, ही सारी त्याच घराण्यातील भावंडे. जर्मन भाषेत तर नशीब आणि सुख या दोहोंना आजही ‘ग्ल्युक’ हा एकच शब्द चालतो. आपल्या ‘सुख’ शब्दाची एक व्युत्पत्ती अशी सांगतात की, चाकाचे ज्यातून आस जातो ते छिद्र, म्हणजे ‘ख’, नीट असणे हे सुख. बैलगाडीतून खाचखळग्यांचा रस्ता ज्याने तुडवला आहे, त्याला ती पटण्यास हरकत नसावी.

दुसरा गैरसमज अधिक नुकसानीचा. मी एका कचेरीत उमेदवारी करीत असताना, एका नवख्या कारकुनाने तयार केलेला मसुदा साहेबांच्या मेजावरून परत आला, तो समासात तांबड्या पेन्सिलीने ‘नॉट हॅपी’ एवढाच शेरा घेऊन. बिचाऱ्याने तो दोनदा वाचला आणि हलक्या आवाजात शिरस्तेदारांना विचारले, “रावसाहेब, साहेबांच्या घरी काही बरेवाईट झाले का हो?” रावसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, मसुदा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, “साहेबांच्या घरी सगळे ठीक आहे, तुमचा तिसरा परिच्छेद ठीक नाही. पुन्हा लिहून आणा.” येथे ‘हॅपी’ म्हणजे संतुष्ट, आणि ‘नॉट हॅपी’ म्हणजे दुःखी नव्हे, नापसंत. तसेच एखादा इंग्रज ‘मी हे करण्यास हॅपी आहे’ असे लिहितो तेव्हा त्याला हर्षवायू झालेला नसतो. तो राजी आहे, त्याची हरकत नाही, एवढेच त्याला कळवायचे असते. फारसीने आपल्या दप्तराला दिलेले राजी, खूश, नाखूश हे शब्द अशा ठिकाणी ‘आनंदी’पेक्षा कितीतरी चपखल बसतात.

शब्दयोजनेला ‘हॅपी’ म्हटले की ती समर्पक असते, हसरी नव्हे. याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

राहता राहिल्या सणासुदीच्या शुभेच्छा. हेन्री कोल याने लंडनमध्ये 1843 साली नाताळाचे जे शुभेच्छापत्र छापवून घेतले, आणि जे छापील नाताळपत्रांतले पहिले समजले जाते, त्यावर नाताळासाठी मौजेचा ‘मेरी’ आणि नववर्षासाठी ‘हॅपी’ अशी विशेषणांची वाटणी आहे. सण एका दिवसाचा, तो मौजेत जावा. वर्ष मात्र बारा महिन्यांचे, त्याला दैवाची साथ हवी, असा भेद मला तीत दिसतो. म्हणून ‘हॅपी’ला प्रतिशब्द हवा या समजुतीने हल्ली दिवाळीच्या पत्रांवर ‘आनंदी दिवाळी’ छापणाऱ्यांनी उगाच शीण घेतला आहे; ‘शुभ दीपावली’ त्या शब्दाच्या कुळाला अधिक जवळची.