परिचारिकांचा अनुशेष

महाराष्ट्रात अनुशेष म्हटला की सिंचन आणि रस्तेच प्रथम डोळ्यांपुढे येतात. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा जो हिशेब मांडला, त्यात आरोग्यसेवेचाही समावेश होता. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे आरोग्यसेवा पोहोचली, असे होत नाही. खाटेशेजारी प्रशिक्षित परिचारिका नसेल, तर ती खाट म्हणजे नुसती लोखंडी चौकट होय. मराठवाडा-विदर्भातील मागास तालुक्यांतल्या मुलींना हे शिक्षण सुलभ कसे व्हावे, हा म्हणूनच महत्त्वाचा प्रश्न आहे.

केंद्र सरकारने २०२३ साली देशात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून काढण्यास मंजुरी दिली आणि त्यासाठी १,५७० कोटी रुपयांची योजना आखली. हे शिक्षण रुग्णांच्या सहवासातच मिळत असल्याने रुग्णालयाशी घातलेली ही सांगड योग्यच आहे. तथापि जागा वाढल्या म्हणजे संधी वाढली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पहिली अडचण प्रवेशाआधीचीच आहे. बी.एस्सी. परिचर्या अभ्यासक्रमास बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नसेल, तर गावातल्या मुलीसाठी हे दार दहावीनंतरच बंद होते. कला शाखेतून येणाऱ्या मुलींना तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम खुला आहे. पण तेथे इंग्रजीची भीती आड येते.

दुसरी अडचण पैशाची. शुल्क माफ झाले, तरी शहरात राहण्याचा खर्च उरतोच. शिवाय ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला मुलीच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. रमाबाई रानडे यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात शिकणाऱ्या परिचारिकांसाठी वसतिगृहाची सोय केली, म्हणूनच अनेकींना घराबाहेर पडता आले.

तिसरी अडचण मोबदल्याची. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली केली. ती सर्वत्र अमलात आली, असे कोणी म्हणणार नाही. शिक्षणाचे फळच जर तुटपुंजे असेल, तर गरीब बापाने कर्ज कोणत्या भरवशावर काढावे?

तेव्हा उपाय एकत्रितच योजले पाहिजेत. प्रत्येक परिचर्या महाविद्यालयास वसतिगृह असावे. विद्यावेतन द्यावे आणि त्याच्या बदल्यात स्वतःच्या जिल्ह्यात काही वर्षे सेवेची अट घालावी. पहिल्या वर्षी इंग्रजीची पूरक शिकवणी ठेवावी. तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान शाखा आणि प्रयोगशाळा हव्यात. यास पैसा लागेल, हे खरे. पण आपल्या भागातली, आपली बोली बोलणारी परिचारिका सहसा तिथेच टिकते. हा खर्च नव्हे, गुंतवणूक आहे. आणि तिचा परतावा बाळंतिणींच्या वाचलेल्या प्राणांत मोजायचा आहे.