जुन्या एमजीबीची बैठक

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार होत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्याने त्यांतल्या बऱ्याच आजही रस्त्यावर आहेत. इंजिनाची निगा मालक हौसेने राखतात. सीटकडे मात्र तासभर गाडी चालवून कंबर धरल्यावरच लक्ष जाते.

या गाडीत चालक जमिनीपासून अगदी कमी उंचीवर, पाय पुढे पसरून बसतो. अशा बसण्यात कमरेचे हाड मागे कलते आणि पाठीच्या खालच्या भागाची नैसर्गिक कमान सपाट होते. ती कमान टिकवणे आणि मांड्यांना खालून टेकू देणे ही सीटची खरी कामे. नुसता मऊपणा यांतले एकही करत नाही. उलट फार मऊ गादीत माणूस रुततो आणि कंबर आणखी वाकते.

बिघाडाचे मूळ बहुधा तळाशी असते. लोखंडी सांगाड्यावर आकड्यांनी ताणून बसवलेला रबरी पडदा, काही सीटांत त्याऐवजी रबरी पट्ट्या, बसणाऱ्याचा भार झेलतात. वर्षे गेली की रबर सैल पडते, तडकते, आणि एखादा आकडा निसटून सीट एका बाजूला झुकते. वरचा फोमही कुजतो. सीट उचलली की खाली फरसाणाच्या पुड्याच्या तळाशी उरतो तसा पिवळा भुगा सापडतो. तपासणी सोपी आहे : बैठकीच्या मध्यावर तळवा जोराने दाबायचा. हात खोल जाऊन तिथेच राहिला, तर पडदा गेला.

नेमके इथेच बरेच जण चुकतात. नवे चामडी कव्हर चढवतात, सीट शोरूममधल्यासारखी दिसते, आणि पाठ पूर्वीसारखीच दुखते. काम खालून वर व्हायला हवे : आधी सांगाड्याचा गंज आणि पडदा, मग फोम, कव्हर सगळ्यांत शेवटी. फोम घेताना जाडीपेक्षा घनता पाहावी. आपल्याकडचे सीटवालेही ‘किती डेन्सिटीचा?’ असेच विचारतात. चाळीस डेन्सिटी म्हणजे घनमीटरला चाळीस किलो. जास्त जाड फोम घातला की डोके कापडी छताला टेकते आणि मांड्या स्टिअरिंगला घासतात. नव्या फोमवर कव्हर सरकत नसेल, तर मध्ये पातळ प्लास्टिक घालतात.

उंची आणि कल यांची गुरुकिल्ली सीटच्या रुळांखाली असते. तिथे लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतात. पुढच्या टोकाला थोडी जास्त जाडी दिली, तर बैठक मागे कलते आणि मांड्यांना आधार मिळतो. मात्र जाडी वाढवली की तेवढे लांब बोल्टही घ्यावे लागतात. चार आटे कमी पकडलेला बोल्ट अपघातात सीट धरून ठेवणार नाही.

कमरेच्या आधारासाठी फोम कापण्याआधी टॉवेलची घडी कमरेमागे ठेवून आठवडाभर गाडी चालवावी. घडी किती जाड आणि किती उंचीवर हवी हे पाठच सांगते. मग त्याच मापाचा तुकडा कव्हरच्या आत बसवता येतो.

काही जण १९८९ पासून निघालेल्या माझदा एमएक्स-५ च्या सीट बसवतात. त्यांची कड माणसाला वळणावर धरून ठेवते आणि डोक्यामागे आधारही मिळतो. एमजीबीच्या सुरुवातीच्या सीटांना हा आधार नव्हता. अमेरिकेत तो १९६९ पासून नव्या मोटारींना सक्तीचा झाला. पण रूळ जुळत नाहीत, वेगळे ब्रॅकेट करून घ्यावे लागतात, आणि गाडीचे जुने रूपही थोडे बिघडते. अशी अदलाबदल करणाऱ्याने मूळ सीट भंगारात देऊ नयेत, कोरड्या जागी झाकून ठेवाव्यात. पुढचा ग्राहक त्यांचीच चौकशी आधी करतो.