शेकरूचे रान: भीमाशंकर

भीमाशंकर बहुतेकांना ठाऊक असते ते ज्योतिर्लिंगामुळे. पण देवळामागचे रान १९८५ साली अभयारण्य झाले, ते प्रामुख्याने शेकरूसाठी. पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या माथ्यावर पसरलेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे.

पावसाळ्यातल्या धुवाधार पावसावर इथे निमसदाहरित जंगल वाढते. जांभूळ, आंबा, अंजनी, हिरडा ही त्यातली ओळखीची झाडे. त्यांवरून गारंबीचे जाडजूड वेल चढलेले असतात. उतारांवर कारवी माजते. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून वाळून जाते. हिरड्याची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, वेचून वाळवून विकणे हा इथल्या महादेव कोळी समाजाचा जुना आधार. रानातले काही भाग तर देवराई म्हणूनच टिकले. देवाच्या रानात कुऱ्हाड चालत नाही.

शेकरू ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपटी. फळे, बिया, फुले, साल खात ती दिवसभर शेंड्याशेंड्यांतून हिंडते आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. डहाळ्या आणि पाने गुंफून ती एकाच वेळी अनेक घरटी बांधते, तीही बारीक फांद्यांच्या टोकाशी, जिथे जड शिकाऱ्याचा भार पेलत नाही. एका झेपेत ती सहा मीटरपर्यंत अंतर तोडते. त्यामुळे झाडे नुसती असून भागत नाही, त्यांचे शेंडे एकमेकांना भिडलेले लागतात. रुंद रस्ता किंवा तोडीने पडलेली मोकळी पट्टी तिची वाट अडवते; खाली उतरावे लागले की जीव धोक्यात येतो. या रानाची तब्येत शेकरूच्या संख्येवरून जोखावी, ती याचसाठी.

बिबट्या, सांबर, भेकर, तरस, रानडुक्कर हेही इथे आहेत, पण दिवसा क्वचितच दिसतात. पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची काही बुरशी अंधारात हिरवट उजळते. ती पाहायला अलीकडे रात्री गर्दी होऊ लागली आहे. एवढ्या पायांखाली तीच बुरशी तुडवली जाते.

शेकरू पाहायची असेल, तर देवदर्शनाची गर्दी वाढण्याआधी सकाळी लवकर जावे आणि नजर वर ठेवावी. माकडांना किंवा शेकरूला खाऊ टाकू नये.