शांत रुग्णाकडे आधी लक्ष
परिचर्येच्या नियोजनात गरजांचा अग्रक्रम कसा ठरतो?

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, अर्थात निम्हान्समध्ये, अपघातात डोक्याला मार लागलेले आणि तीव्र मानसिक आजाराने ग्रासलेले असे दोन्ही प्रकारचे रुग्ण उपचारासाठी येतात. या दोहोंची एक अडचण समान असते. आपल्याला काय होत आहे, हे त्यांना नेहमीच सांगता येत नाही. त्यामुळे कोणाची कोणती गरज आधी भागवावी, हे बऱ्याच अंशी परिचारिकेच्या निरीक्षणावर अवलंबून राहते.

या संस्थेची परंपरा १८४७ मध्ये सुरू झालेल्या मनोरुग्णालयापर्यंत जाते. ते रुग्णालय आणि १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांचे विलीनीकरण होऊन २७ डिसेंबर १९७४ रोजी निम्हान्सची स्थापना झाली. योगायोगाने त्याच वर्षी ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी रुग्णाची शुद्ध मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 'ग्लासगो कोमा स्केल' या नावाने ती आज जगभर वापरली जाते.

गुणांची भाषा

या पद्धतीत डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५ आणि हातापायांच्या हालचालीला ६ गुण दिले जातात. पूर्ण शुद्धीवरील व्यक्तीला १५ गुण मिळतात. ८ किंवा त्याहून कमी गुण गंभीर इजेचे लक्षण मानले जातात. मात्र एका वेळच्या आकड्यापेक्षा त्यात होणारा बदल अधिक बोलका असतो. १५ वरून १३ वर आलेला रुग्ण नातेवाइकांना केवळ पेंगुळलेला वाटेल. परिचारिकेच्या दृष्टीने ती डॉक्टरांना तत्काळ बोलावण्याची वेळ असते. कवटीच्या आत रक्तस्राव होऊन मेंदूवरील दाब वाढत असल्याची ती खूण असू शकते.

समजा, एका वॉर्डात तीन रुग्ण आहेत. पहिला हाताच्या वेदनेने ओरडतो आहे, दुसरा वारंवार पाणी मागतो आहे आणि तासाभरापूर्वी बोलत असलेला तिसरा आता शांत पडून आहे. परिचारिकेने प्रथम तिसऱ्याकडे जाणे अपेक्षित आहे. श्वसनमार्ग मोकळा आहे का, श्वास व रक्ताभिसरण सुरळीत आहे का, शुद्ध आणि डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत, हा तपासणीचा क्रम ठरलेला असतो. पाणी मागणाऱ्याची तहान खरी असते. परंतु त्याला नीट गिळता येते की नाही, हे पाहिल्यावाचून पाणी दिल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. वेदनेने ओरडणाऱ्याचे दुखणेही दुय्यम नसते. त्याची पाळी नंतर येते, इतकेच.

ठरलेला क्रमही बदलतो

अब्राहम मास्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मानवी गरजांची उतरंड मांडली. तिच्यात आधी शारीरिक गरजा, मग सुरक्षितता आणि त्यानंतर आपुलकी व सन्मान यांना स्थान आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमात ही उतरंड शिकवली जाते, मात्र ती यांत्रिकपणे लावता येत नाही. नाडी व रक्तदाब उत्तम असलेल्या, पण आत्महत्येचे विचार मनात घोळणाऱ्या रुग्णाची सर्वांत तातडीची गरज सुरक्षितता हीच असते. त्याच्यावर सतत लक्ष ठेवणे आणि इजा करता येईल अशा वस्तू दूर करणे, यांना त्याच्या परिचर्येत पहिले स्थान मिळते.

म्हणूनच परिचर्येचे नियोजन एकदा लिहून संपत नाही. रुग्णाची पाहणी, गरजांचे निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि फेरतपासणी असे हे चक्र असते. धोका टळल्यावर काल मागे ठेवलेल्या गरजा पुढे येतात. शय्याव्रण होऊ नये म्हणून कूस बदलणे, आहार, झोप आणि रुग्णाच्या भाषेत त्याच्याशी बोलणे ही त्याची उदाहरणे होत.

वेळेचा हिशेब

या साऱ्याला मनुष्यबळाची मर्यादा पडते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शिक्षण रुग्णालयांसाठी ३ रुग्णांमागे १ आणि सर्वसाधारण रुग्णालयांसाठी ५ रुग्णांमागे १ परिचारिका असे प्रमाण सुचवले गेले. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची सुरुवातीच्या काळात दर अर्ध्या तासाने तपासणी करावी लागते. एका परिचारिकेकडे असे ६ रुग्ण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५ मिनिटे येतात. त्यांतच औषधे, नोंदी आणि नातेवाइकांच्या शंका यांचाही समावेश करावा लागतो. अशा वेळी अग्रक्रमातील एक चूक जिवावर बेतू शकते.

यात नातेवाइकांचाही वाटा आहे. रात्री रुग्णाला पुन्हा पुन्हा जागे केले जाते, तेव्हा 'झोपू द्या की त्यांना' असे म्हणण्याचा मोह होतो. पण ती तपासणी रुग्णाची झोपमोड करण्यासाठी नसून ती झोपच आहे ना, याची खात्री करण्यासाठी असते. बोलणारा माणूस अचानक गप्प झाला, असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता परिचारिकेला त्याच क्षणी सांगणे आवश्यक आहे.