लाँच : खाऱ्या पाण्यातली आणि गोड्या पाण्यातली

यंदाच्या जानेवारीत आमच्या वर्गाची सहल घारापुरीला गेली. गेटवेच्या पायऱ्यांपाशी लाँची एकीला एक लागून उभ्या होत्या. पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत पाय टाकत आपली लाँच गाठायची. माझ्या मैत्रिणी एकमेकींचे हात घट्ट धरून ओरडत होत्या. मी मात्र सरळ चढून गेले. "तुला भीती नाही का वाटत?" असे एकीने विचारले, तेव्हा मला हसू आले. माझी आई लग्न होऊन सासरी आली ती लाँचमधूनच.

आमचे गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याकाठी. आईचे माहेर पलीकडच्या काठावर. समोर दिसते, संध्याकाळी तिथले दिवेही मोजता येतात. पण रस्त्याने जायचे तर पाण्याला मोठा वळसा. तेव्हा लाँच हीच आमची एस. टी. बेटाबेटांमधून बोटीने हिंडणे ही चैनीची गोष्ट असते, हे मला कॉलेजात आल्यावर मासिकांतील चित्रे पाहून कळले. म्हणून या दोन प्रकारच्या लाँचींविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

समुद्रातल्या लाँचीचे वेळापत्रक चंद्र ठरवतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी; आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा मुंबईला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. घारापुरीचा किनारा उथळ आणि चिखलाचा. ओहोटीला लाँच रुतू नये म्हणून धक्का पार खोल पाण्यापर्यंत लांबवत नेला आहे. इतका लांब, की त्यावरून छोटी रेल्वे चालते. आमच्या मुलींना ती गंमत वाटली. मला वाटले, हा धक्का म्हणजे ओहोटीची मोजपट्टीच आहे!

आमच्या धरणालाही भरती-ओहोटी असते, फक्त ती वर्षातून एकदाच येते. वेळवंडी नदीवर इंग्रजांनी आधी एक धरण बांधले होते. त्याच्या जागी १९२८ च्या सुमारास मोठे लॉईड धरण पुरे झाले. आता त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. साडेतेवीस टी. एम. सी. पाणी मावते. आषाढ-श्रावणात ते भरते आणि मग कालव्यांची आवर्तने सुटू लागली की उतरत जाते. ते पाणी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला जाते. त्याबद्दल आमच्या खोऱ्यातले लोक काय बोलतात ते इथे छापण्यासारखे नाही. असो. वैशाखात काठ एवढा मागे हटतो की एरवी पाण्याखाली असणारे कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. "देव बाहेर आला, आता लाँच नाही," असे आजी म्हणायची.

समुद्रावर धक्का बांधता येतो, कारण पाणी कुठून कुठे जाणार ते ठाऊक असते. धरणात काठच दूर जातो. आज जिथे उतरलो तिथे दोन महिन्यांनी गाळ असतो. गाळात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणूनच आईचे लग्न मार्गशीर्षात धरले. सगळ्या गावाची लग्ने वैशाखात होत. पण वैशाखात वऱ्हाड गाळातून कोण आणणार? माझ्या वडिलांची शाळा सातवीनंतर सुटली. त्याला घरची कारणे होतीच. पण वार्षिक परीक्षा नेमकी एप्रिलमध्ये येई, आणि लाँच कधी काठाला लागत नसे, कधी डिझेल नाही म्हणून येतच नसे. हे ते अजूनही चिडून सांगतात. मी आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी. माझ्या वाट्याला जीपगाडी आली, हा नशिबाचा भाग.

समुद्रावर सारे उलट. तिथे पावसाळा हा बंदीचा काळ. नैर्ऋत्येचा वारा लाटा थेट बंदराच्या तोंडाशी आणतो. गेटवे-मांडवा वाहतूक त्या महिन्यांत बंद असते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट अशाच पावसाळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. उघाडीतही धोका टळतो असे नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' लाँचीवर नौदलाची वेगवान बोट आदळून तेराहून अधिक जण मरण पावले. आम्हांला जाकिटे घालायला लावली, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही.

वाटेत जवाहर द्वीप लागते. तिथे तेलाची जहाजे रिकामी होतात. आपल्याला उतरता येत नाही. वरच्या मजल्यावर बसायचे तर वेगळे पैसे पडतात. आम्ही ते दिले आणि सीगल पक्षी पाहत बसलो. तासाभराने बेट आले. लेण्यांविषयी सरांनी उत्तम माहिती सांगितली. ती वर्गमित्र लिहितीलच. माझे लक्ष मात्र तिथल्या माणसांकडे होते. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन गावे त्या बेटावर आहेत. मुंबईचे दिवे डोळ्यांसमोर असून त्यांच्याकडे समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ साली. पुढच्या शिक्षणाला मुलांना पाणी ओलांडून उरणकडे यावे लागते. अंदमानात सरकारी बोटींवर बेटावरच्या रहिवाशांना पर्यटकांपेक्षा कमी भाडे असते, असे वाचले होते. मला ते फार योग्य वाटते. पर्यटकाची बोट चुकली तर त्याची सहल चुकते. रहिवाशाचा दवाखाना चुकतो, परीक्षा चुकते.

परतताना धक्क्यावर एक बाई काकड्या विकत होत्या. टोपली आवरता आवरता त्यांनी विचारले, "कुठली गं तू?" मी धरणाकाठची म्हणून सांगितले, आमच्याकडच्या लाँचीचेही सांगितले.

"मग पावसात काय करता तुम्ही? बंदच ना?"

"नाही मावशी, आमची पावसातच सुरू होते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "ऐकलंस का, ही पोर काय सांगते!" आणि उरलेल्या दोन काकड्या त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. पैसे घेतले नाहीत.