कॉफीचे खळे

फाल्गुन महिन्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात गेलात, तर मळणी झालेली ज्वारी उन्हात पसरलेली दिसेल. वडीलधारी माणसे त्यातील एक दाणा दाताखाली धरून पाहतात. तो कट्‌कन फुटला, तरच ज्वारी साठवणीस योग्य समजतात; कारण ओल्या धान्याला बुरशी लागते. कॉफी पिकविणारा शेतकरीही अशीच परीक्षा घेतो. पण दातांनी नव्हे, कानांनी!

ज्वारीच्या कोरड्या रानात कॉफी होत नाही. तिला डोंगरउतार, पाऊस आणि मोठ्या वृक्षांची सावली लागते. महाराष्ट्रात ती अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या थंड डोंगरावर होते. तिचे विस्तीर्ण मळे मात्र कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांत आहेत.

कॉफीचे फळ पिकले, की लालभडक दिसते. त्याच्या गोड गरात सपाट बाजूंनी एकमेकींना टेकलेल्या दोन बिया असतात. ह्याच कॉफीच्या बिया होत. त्या मोकळ्या करण्याच्या मुख्य रीती दोन. एकीत गर यंत्राने काढून बिया धुतात; तिला पाणी पुष्कळ लागते. दुसरी रीत अधिक जुनी. तीत अख्खे फळच उन्हात वाळवितात.

पिकलेली फळे तेवढी निवडून स्वच्छ, फरसबंद अंगणात पातळ पसरतात. थर जाड झाला, तर खालची फळे आंबतात. म्हणून दिवसातून अनेक वेळा ती वरखाली करावी लागतात. रात्रीचे दव त्यांना पुन्हा ओले करते. म्हणून सायंकाळी रास करून ती झाकतात. असे दोन-तीन आठवडे चालते. तांबडी फळे काळपट होतात, सुरकुततात. मग शेतकरी मूठभर फळे कानाजवळ नेऊन हलवितो. खुळखुळ्यासारखा आवाज आला, की आतील बी वाळून सुटी झाली असे समजावे. त्यानंतर यंत्राने टरफल काढतात.

पण एखाद्या रात्री अवकाळी पाऊस आला आणि रास उघडी राहिली, तर? फळांना बुरशी धरते. तिचा कुबट वास बिया भाजल्यानेही जात नाही. वर्षभराचे कष्ट एका रात्रीत वाया जातात!

ऊन सर्वांना सारखेच मिळते. पण खळे ज्वारीचे असो वा कॉफीचे, सूर्याने वाळविलेले राखावयाचे काम माणसालाच जागून करावे लागते.